तू बत्ती धर

रस्त्याच्या कडेला गाडीचं बॉनेट उघडून कुणी वाकलेला दिसला, की माझं डोकं अजूनही सणकतं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. पण मला त्याच्या जागी तेजरावकाका दिसतात. पायजमा घोट्याच्या वर खोचलेला, चष्म्याला मागून सुतळी बांधलेली, शर्टाचा खिसा पान्याच्या वजनाने फाटून लोंबतोय आणि तोंडात तो एकच शब्द, "तसल्लीनं." कुणाला कसलीही घाई असो, कुणाचं काही अडलेलं असो, काकांचं उत्तर ठरलेलं. "होते न बाप्पा. तसल्लीनं होऊ द्या."

मी शाळेवर बदली होऊन शेलूबाजारला आले, तेव्हा त्यांच्या शेजारच्या दोन खोल्या मिळाल्या. मधे कमरेइतकी भिंत. त्यामुळे त्यांच्या अंगणात जे काही व्हायचं, ते माझ्याही अंगणात व्हायचं. काका शेतकरी, पण शेत दुसऱ्याला बटईनं कसायला दिलेलं. अंगात ताकद शिल्लक आणि दिवस रिकामा. असा माणूस शेजारी असणं काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत. बायकोचा, म्हणजे शांताकाकूंचा, मिक्सर त्यांनी दुरुस्त केला, तेव्हापासून काकू पाट्यावर वाटत होत्या. माझा पंखा नको नको म्हणताना उतरवला, परत बसवला, तर तो उलटा फिरायला लागला आणि सगळी हवा छताला. मी तक्रार केली तर म्हणाले, "छतही थंड राह्यलं पाह्यजे ना, बाई. गरमी तिथूनच येते." मी मुकाट्याने टेबलफॅन आणला.

दुकानात, गॅरेजात वस्तू न्यायची नाही हा त्यांचा नेम. "वस्तू आपली, हात आपले, मंग डोकं दुसऱ्याचं कायले?" हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की मी वर्गात खडू मोडला तरी आठवायचं.

तर त्यांची एक जीप होती. जुनी, डिझेलची, रंग कुठला होता ते आता सांगता येणार नाही अशी. अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये ती उभी असायची, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळ उभीच असायची. कारण ती तापायची. शेलूबाजारातून निघून मंगरूळपीरच्या दिशेनं जरा वेग घेतला, की काटा लाल रेघेवर आणि बॉनेटमधून वाफ.

चौकातल्या मिस्त्रीनं एका मिनिटात निदान केलं होतं. "काका, थर्मोस्टॅट अटकला. काढून फेकतो. आपल्या इकडच्या उनात त्याचं कामच काय? सगळ्याइचे काढले म्या."

आमच्याकडे हे खरंच सगळे करतात. इंजिन थंड असेपर्यंत पाण्याची वाट अडवून धरणारी आणि तापलं की वाट मोकळी करणारी, मुठीत मावेल एवढी ती झडप. गाडी पहिल्यांदा तापली की मिस्त्री ती काढतो, फेकतो आणि रेडिएटरमध्ये हापशीचं पाणी भरून देतो. मालक खूश.

काका मात्र भडकले. "कंपनीवाले का बह्याड हायेत? उगीच बसोला का त्याइनं? इंजिनाले ताप आला का नाई हे पाह्यनारा डाक्टर हाय थो. डाक्टरालेच हाकलून द्याचं?" आणि जीप तशीच वाफाळत घरी आणली.

इथं काका बरोबर होते, हेच तर दुखणं. साफ चुकीचा माणूस सहन करता येतो. जो मुळात बरोबर असतो आणि पुढे सगळं चुकीचं करतो, तो जीव घेतो.

एरवी जीप तापली काय अन् थंड राहिली काय, मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. पण काकूंची थोरली बहीण इंझोरीला होती. तिला सगळे माई म्हणायचे. आई लहानपणी गेल्यावर काकूंना तिनंच वाढवलं, तिनंच उजवलं. ती माई न्हाणीत पडली आणि खाटेला लागली. डोळ्यांनी आधीच अधू. रोज सकाळी तिचा फोन यायचा आणि काकू तो भिंतीजवळ उभ्या राहून घ्यायच्या, तिथं रेंज बरी म्हणून. त्यामुळे मलाही ऐकू यायचं. "शांते, एक डाव येऊन जाय वं. मले आता दिसत नाई, पन तुह्या तोंडावरून हात तरी फिरवतो."

"येतो ना माई. गाडी नीट झाली का येतोच."

गाडी नीट झाली की! काकूंचे गुडघे गेलेले, बसची पायरी चढवत नव्हती. माझ्याकडे स्कूटी, तिच्यावर त्यांना इतक्या लांब बसवणार कसं? रस्त्यावर काळीपिवळी मिळते, पण काका म्हणायचे, "दारात जीप उभी असताना तू काळीपिवळीत बसशील? लोक काय म्हनतीन? मीच नेतो. तसल्लीनं." त्यांनी बोलून टाकलं म्हणजे झालं. आता नेणार तर तेच नेणार.

मग एका रविवारी थर्मोस्टॅट घरीच बदलायचा समारंभ झाला. समारंभच म्हणायचा. अकोल्याहून नवा सुटा भाग मागवला होता, त्याला काकांनी हळद-कुंकू लावलं. मग खाली ठेवायला भांडं पाहिजे म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि काकूंचा डाळ शिजवायचा मोठा गंज उचलून आणला. गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. काकू "अवो, तो नाई, तो नाई" करत मागे आल्या तोवर रेडिएटरची खालची तोटी सैल झाली होती आणि हिरवं-तांबडं पाणी गंजात पडत होतं. तो गंज त्या दिवसापासून स्वयंपाकातून बाद. शिवाय ते पाणी कूलंट मिसळलेलं, गोडसर आणि विषारी, आणि काका ते अंगणात उघडं टाकून विसरणार. काकूंनी गंजावर परात झाकली, परातीवर दगड ठेवला. शेजारची बकरी तोंड घालेल म्हणून.

बॉनेटवर मोबाईल ठेवून काकांनी हिंदी व्हिडिओ लावला, पूर्ण आवाजात. कुठला तरी पोरगेला मिस्त्री वेगळ्याच गाडीचं इंजिन खोलून दाखवत होता. शेडमध्ये अंधार, म्हणून काकूंच्या हातात बॅटरी. तिला काका बत्ती म्हणायचे. पाण्याचा वरचा पाइप निघाला, झडपेवरच्या टोपीचे दोन बोल्ट निघाले, जुनी झडप बाहेर आली. मी भिंतीवर कोपर टेकून पाहत होते.

व्हिडिओतल्या मुलानं नवी झडप कॅमेऱ्यासमोर धरली. स्प्रिंगची बाजू पाहणाऱ्याकडे. काकांनी मान डोलावली आणि आपली झडपही तशीच, स्प्रिंग आपल्या तोंडाकडे करून जागेवर ठेवली.

"अवो," काकू म्हणाल्या, "जुनी निंघाली तवा इस्प्रिंग आत होती. इंजिनाकडं."

"तू बत्ती धर."

"म्या पाह्यली ना डोयानं."

"व्हिडिओतला पोट्टा येडा हाय का? तू बत्ती धर म्हनलं ना. हालवू नोको."

काकूंनी बत्ती धरली. टोपीखालचं पॅकिंग फाटलं होतं, तेव्हा काकांनी देवळीतली जाड लग्नपत्रिका घेतली, टोपीचा आकार पेन्सिलनं काढला आणि कात्रीनं कापून, ग्रीस लावून बसवली. पत्रिका काकूंच्या भाचीची होती. अजून कुणी उघडूनही पाहिली नव्हती. लग्नाची तारीख इंजिनात गेली आणि लग्न होऊन गेल्यावर आम्हाला कळलं. त्यावरून काकूंचा भाऊ रुसला तो वेगळाच.

दुसऱ्या दिवशी काकू नवं लुगडं नेसून, माईसाठी रव्याचे लाडू डब्यात घेऊन जीपमध्ये बसल्या. दुपारच्या आत परत. डबा तसाच. मंगरूळपीरसुद्धा आलं नव्हतं, काटा लाल.

"पार्ट डुप्लिकेट," काका म्हणाले.

पुन्हा सगळं खोललं. झडप खरी की खोटी ते पाहायला काकूंच्या दुधाच्या भांड्यात पाणी घेऊन गॅसवर ठेवली, दोऱ्याला टांगून. पाणी किती तापलं ते कळायला माझ्याकडून थर्मामीटर मागून नेला. मी दिला, कारण मला वाटलं घरात कुणाला ताप आहे. तो तापाचा थर्मामीटर त्यांनी उकळत्या पाण्यात बुडवला! परत देताना म्हणाले, "बाई, तुमचा कच्चा निंघाला." पण झडप मात्र गरम पाण्यात अगदी शहाण्यासारखी उघडली. काकांनी आख्ख्या गल्लीला बोलावून दाखवलं. "पाह्य! उघडते का नाई? मंग पार्ट चांगला हाय." आणि झडप परत तशीच बसवली. स्प्रिंग बाहेर.

"अवो, उलटी—"

"तू बत्ती धर ना!"

मी भिंतीवरून म्हटलं, "काका, काकू म्हणतात तसं एकदा लावून तर पाहा. काय बिघडतं?"

काका माझ्याकडे दयेनं पाहत म्हणाले, "मास्तरीनबाई, तिनं जल्मात पाना धरला नाई."

तिनं जन्मात पाना धरला नाही, कारण हातात सतत बत्ती होती. हे मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. सुचलं घरात गेल्यावर, भाजीला फोडणी देताना, आणि मग ती भाजी मी रागानं इतकी ढवळली की लगदा झाला.

असा सगळा उन्हाळा गेला. रेडिएटर बदललेला नसेल एवढंच. पाणी काढ, झडप काढ, धू, उकळ, उलटी लाव, पाणी भर, झाकण उघडं ठेवून इंजिन चालव, बुडबुडे थांबेपर्यंत पाहत बस. मग निघा आणि वाफाळत परत या. एकदा तापलेलं झाकण उघडलं तर उकळतं पाणी उसळून काकांचा हात भाजला. काकूंनी त्याला कोरफड लावली. मी असते तर मिरची लावली असती.

एकदा काकूंनी ऐकलं नाही. काका पारावर गेलेले पाहून पिशवी घेतली, हळूहळू चालत चौकात गेल्या आणि काळीपिवळीत बसल्याही. ड्रायव्हरनं हात देऊन वर घेतलं होतं. गाडी भरायची वाट पाहत होते, तेवढ्यात काका जीप घेऊन आले. कुणी तरी चुगली केली होती. आडवी लावली जीप, उतरले, आणि सगळ्या चौकादेखत म्हणाले, "चाल. इज्जत काढतं का माही?" काकू उतरल्या. जीपमध्ये बसल्या. घर तीन गल्ल्यांवर. दुसऱ्या गल्लीत वाफ! लोकांनी ढकलत घरी आणली, काकू आत बसलेल्याच, पदर तोंडावर ओढून. मला इतका राग आला होता की मी काकांशी बोलणं टाकलं. त्यांच्या ते लक्षातच आलं नाही.

आणि मग माईचे फोन कमी झाले. एका सकाळी आला तेव्हा काकू नेहमीप्रमाणे "येतो ना माई, गाडी नीट झाली का" म्हणाल्या, तर तिकडून माई म्हणाली, "राहू दे शांते. तू चांगली हायेस ना? मंग झालं. आता नोको दगदग करू."

काकूंनी फोन ठेवला. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्या रडतील असं मला वाटलं होतं, पण त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, बोलावनं बंद केलं तिनं." मग शेडकडे पाहत, "आज हे बसनं मालेगावले तेरवीले गेले. सांजच्यालाच येतीन. तुमची शाळा कवा सुटते?"

शनिवार होता. शाळा सकाळचीच. मी आले तेव्हा काकूंनी शेडमध्ये गोणपाट अंथरला होता, गंज जीपखाली लावून ठेवला होता, पाने ओळीनं मांडले होते. आम्हाला व्हिडिओ लावायची गरज पडली नाही. उन्हाळाभर पाहून पाहून तोंडपाठ झालं होतं. मी आडवी होऊन तोटी सैल केली, पाणी काढलं. पाइप काढला. बोल्ट घट्ट होते, ते काकूंनी काढले. पोळ्या लाटून मनगटात जोर असतो तो असा कामी येतो. टोपी उचलली आणि तिथं ती झडप, स्प्रिंग वर करून बसलेली. काकूंनी ती काढली, पुसली, उलटवली, म्हणजे स्प्रिंगची बाजू इंजिनाच्या गरम पाण्यात राहून झडप वेळेवर उघडेल. बस, एवढंच. उन्हाळाभराचा हा सगळा खेळ एवढ्यासाठी. मला हसू आलं आणि लगेच संतापानं डोळ्यांत पाणी आलं.

पॅकिंग फाटलं होतं. लग्नपत्रिकेला हात लावायला काकू तयार होईनात. मग मी शाळेच्या तक्त्यातला उरलेला निळा पुठ्ठा आणला आणि तो कापून लावला. पाणी भरलं, इंजिन चालवलं, बुडबुडे थांबले, झाकण लावलं. काका येईपर्यंत शेड झाडून, हात धुऊन आम्ही चहा पीत बसलो होतो. काकूंच्या नखांतलं काळं मात्र निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "अवो, एक डाव पाहू जाऊन. बाईही येतीन." मी मागे बसले. शेलूबाजार मागे पडलं. काका वेग वाढवायला भीत होते. काटा मध्यावर आला आणि थांबला. मंगरूळपीर आलं, काटा मध्यावर. मंगरूळपीर गेलं, काटा मध्यावर. काकांची मान हळूहळू ताठ व्हायला लागली.

"पाह्य," ते म्हणाले. "म्या सांगतलं होतं का नाई? नव्या पार्टाची इंजिनाले सवय व्हाले टाइम लागते. लोकाइले सबर नसते."

मी तोंड उघडलं. पुढच्या सीटवरून काकूंचा हात मागे आला आणि माझा गुडघा घट्ट दाबला. मी तोंड मिटलं. त्या दिवशी मी जे गिळलं ते मला अजून पचलेलं नाही.

इंझोरीला माईच्या खाटेवर काकू बसल्या. माईनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ, नाक, हनुवटी, सगळं पुन्हा पुन्हा. मग त्यांचे हात हातात घेतले आणि नाकाशी नेले. "कायचा वास येऊन राह्यला वं हाताले?"

"गाडीचा," काकू म्हणाल्या. आणि मग रडल्या, इतक्या दिवसांचं.

बाहेर काका बॉनेट उघडून इंझोरीच्या चार माणसांना समजावत होते की थर्मोस्टॅट काढून टाकणारे मिस्त्री कसे मूर्ख असतात. ते ऐकायला येत होतं, दारातून, रडण्याच्या मधे मधे.

त्यानंतर दर पंधरवड्याला जीप इंझोरीला जायची. माई गेली तेव्हाही काकू तिच्या उशाशी होत्या. पण काकांचा तोरा! कुणाचीही गाडी तापो, हे हजर. "स्प्रिंग बाहेर पाह्यजे. माह्या गाडीले पाह्य." मी काकूंना म्हणायचे, सांगा ना आता, निदान लोकांच्या गाड्या तरी वाचवा. काकू म्हणायच्या, "त्याइचं कोन ऐकते, बाई? मले माई भेटली ना." मला हे कधीही पटलं नाही. आजही पटत नाही. अपमान काकूंचा होता म्हणून मी गप्प राहिले, इतकंच.

माझी बदली मालेगावला झाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गेले तर बॉनेट उघडं, गंज खाली, काकूंच्या हातात बत्ती. पॅकिंगमधून पाणी झिरपायला लागलं होतं म्हणून काकांनी टोपी खोलली होती. मी दारातच थांबले.

काका आत पाहत होते. हलत नव्हते. मग त्यांनी दोन बोटांनी पॅकिंगचा तुकडा उचलला. निळा पुठ्ठा. तो उजेडात धरला. भिंतीपलीकडच्या माझ्या खोलीकडे एकदा पाहिलं, मग दारात उभ्या माझ्याकडे. मग पुन्हा खाली, झडपेकडे. स्प्रिंग आत होती. मग काकूंच्या हातांकडे बराच वेळ पाहत राहिले.

मी मनात म्हटलं, आता व्हिडिओतल्या पोराचं नाव निघणार, नाही तर कंपनीचं.

काकांनी झडप बाहेर काढली. पुसली. स्प्रिंग आत करून परत जागेवर धरली, पण सोडेनात.

"अशीच होती ना?" त्यांनी काकूंना विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी काकूंना काही विचारल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

"मले कायले इचारता?" काकू म्हणाल्या. "मी तर बत्तीवाली."

काकांनी झडप काकूंच्या मोकळ्या हातात ठेवली, दुसऱ्या हातातली बत्ती काढून घेतली आणि बाजूला सरकले. काकूंनी पदर खोचला आणि त्या बॉनेटवर वाकल्या.

मी हळूच फाटक लावून घेतलं. मागून काकूंचा आवाज आला, "अवो, माह्या डोयात काहून मारता? इंजिनावर धरा!"

"धरतो न," काका म्हणाले. "तसल्लीनं."